अर्ध्या आण्याची तूट

तुकड्यातुकड्यांनी आली ती, डभोईवरून,
अरुंद रुळांच्या गाडीत, पेंढ्यात गुंडाळलेली:
आधी तळ, मग चाकांच्या फळ्या, मग दोन डब्यांवर मिळून एक बॉयलर,
आणि सगळ्यात शेवटी, एका हमालाच्या खांद्यावर, धुराडं.
चांदोदच्या घाटावर लोहार दोन महिने रिबिटं ठोकत होते.
नावाडी त्या आवाजाला शिव्या घालत होते.

दफ्तरी तिचं नाव काही भारदस्त होतं.
लोक आगबोटच म्हणाले.
आग आणि बोट शेजारी बसलेली बघायला
पहिल्या दिवशी अर्धं गाव पायऱ्यांवर जमलं
आणि शिट्टी वाजताच अर्धं पळालं.

माझे खापरपणजोबा, यादव रामजी पोतनीस, तिकिटबाबू.
पगार बाबाशाही नऊ रुपये, छत्री सरकारी.
सारंग भरूचचा, नूरमहंमद.
आणि नाळेवर बांबू घेऊन भीखा माछी,
ज्याला नदी वाचता यायची, दुसरं काहीच नाही.
"साडेतीन हात," तो ओरडायचा. "तीन. अडीच."
बोटीला सव्वादोन लागत.
चैत्रात नर्मदा दोन द्यायची.

मग उतारू उतरायचे.
(उतारू हा शब्द तिथूनच निघाला, असं आमच्या घरात सांगतात.
खोटं आहे.)
धोतरं-लुगडी गुडघ्यांवर, डोक्यावर गाठोडी,
सगळे वाळूतून चालत, आणि शेजारून
रिकामी, हलकी, फुसफुसत,
जराशी लाजल्यासारखी बोट.
भाडं परत मागणाऱ्याला पोतनीस सांगत,
बसलात त्याचं घेतलंय, चाललात त्याचं नाही.

कोठीतल्या तपासनिसाची चिठ्ठी
काकांनी फ्रेम करून रावपुऱ्यातल्या घरी जिन्यात लावली आहे.
मोडीत आहे. वाचून देणाऱ्याने दोनशे रुपये घेतले.

"माघ वद्य अष्टमीस जाताना डोकी एकेचाळीस,
येताना चाळीस,
भाडे दोन्ही वेळा चाळिसांचेच.
अर्ध्या आण्याची तूट का, खुलासा करावा."

खाली खुलासा:
"सिनोरच्या एक बाई यजमानांच्या अस्थी घेऊन चढल्या.
कलश मांडीवर. तोलू देईनात, म्हणाल्या, हे सामान नव्हे.
तिकीट मागितले तर म्हणाल्या, ते कधी फुकट बसले नाहीत,
पण पैसे त्यांच्याचजवळ असत.
सारंगाने डोकी मोजताना कलश धरला. मी हरकत घेतली नाही.
संगमावर चाके थांबविली, सात मिनिटे, तेवढा कोळसा वाचला.
परतीच्या फेरीस सदर उतारू नव्हता."

त्याखाली वेगळी शाई, घाईचं अक्षर:
तूट मंजूर नाही. पगारातून वळती करावी.

चार हंगाम चालली आगबोट.
पाचव्या पावसाळ्यात ओरसंगच्या लोंढ्याने
तिला आडवी करून वाळूत निजवलं,
बॉयलर डभोईच्या जिनिंगवाल्याने नेला,
त्यावर म्हणे पुढे वीस वर्षं कापूस निघाला.
नूरमहंमद समुद्राकडे परत गेला.
भीखाचं कुठेच लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही बाबांना घेऊन गेलो.
डिझेलची होडी, नारिंगी जाकिटं,
एका जाकिटाचा पट्टा तुटलेला.
"केटला जण?" होडीवाल्याने विचारलं.
चार, म्हणाला माझा भाऊ.
आम्ही चारच होतो.
मी पाच जणांचे दिले.

त्याने नोटा मोजल्या, लाल फडक्याकडे बघितलं,
एक नोट परत माझ्या हातात ठेवली
आणि इंजिन ओढलं.
वरून धरणाने पाणी सोडलेलं नव्हतं.
पुढे त्याचा पोरगा उभा, बारा-तेरा वर्षांचा, हातात बांबू.
त्याने तो खाली टेकवला,
ओला भाग डोळ्यांनी मोजला,
ओरडला काही नाही.